जूनमध्ये फिनलंड: काय बघावं, काय खावं, आणि भाषेचं काय?

निवृत्त_मास्तर (सातारा)

नमस्कार मंडळी. मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी हेलसिंकीला गेला, आता आम्हा दोघांना बोलावतोय. १८ ते २७ जून. मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गुडघे अजून साथ देतात. सौ. पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना आकाशातला तो हिरवा उजेड, ध्रुवीय प्रकाश म्हणतात तो, बघायचाय. मुलगा दिवसभर कामावर, म्हणजे फिरायचं आमचं आम्हीच. जिथे वाचावं तिथे 'जगातला सर्वांत आनंदी देश' एवढंच. त्यापलीकडचं कुणी सांगेल का? आणि त्यांची भाषा कुठल्या कुळातली?

सांगलीची_तांपेरेत

काका, तुमच्या तारखा वाचूनच पोटात गोळा आला. नेमका त्यात युहान्नुस येतो, म्हणजे त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण. शुक्रवारी दुपारपासून शहर रिकामं होतं, सगळे तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरी जातात. दिवाळीच्या सुट्टीतलं पुणे आठवा आणि त्यातले फटाकेही काढून टाका. २०१४ चा माझा पहिला युहान्नुस. घरात अर्धा पाव आणि तीन अंडी, आणि दुकानांना कुलपं. दोन दिवस तेच पुरवून खाल्लं. दुकानांच्या वेळांवरचं कायद्याचं बंधन २०१६ पासून उठलं, त्यामुळे आता इतकी उपासमार होत नाही. तरी गुरुवारीच सामान भरून ठेवा.

काकूंना वाईट बातमी अशी, की जूनमध्ये तो उजेड दिसणार नाही. अंधारच पडत नाही तर दिसणार कुठून? हेलसिंकीत तेव्हा दिवस १९ तासांचा असतो, आणि वर उत्तरेला, रोवानिएमी गावी, सूर्य मावळतच नाही. मुलाच्या घरी जाड पडदे आहेत का, आधी विचारून घ्या. झोपेचं खोबरं होतं.

आता भाषा. तुम्ही मराठीचे मास्तर म्हणून मुद्दाम सांगते, तुम्हाला मजा येईल. मराठी आणि शेजारची स्वीडिश लांबच्या का होईना, पण एकाच कुळातल्या. फिनिश त्या कुळातलीच नाही. तिची सख्खी एस्टोनियन, लांबची हंगेरियन. आणि तरी मला ती घरची वाटली, कारण तिला विभक्तीचे प्रत्यय आहेत, तेही पंधरा! शिवाय प्रत्यय लागताना शब्द आतून बदलतो. आपण 'पुणेत' म्हणत नाही, 'पुण्यात' म्हणतो ना, तसं 'हेलसिंकी'चं 'हेलसिंगिस्सा', 'तुर्कू'चं 'तुरुस्सा'. वर्गातले इतर लोक डोकं धरून बसायचे. मी म्हटलं, हे तर सामान्यरूप! माझा तोरा मात्र माझ्याच शहराने, तांपेरेने उतरवला. लोक हेलसिंकी'त' राहतात, पण तांपेरे'वर'. का, ते कुणी सांगत नाही, पाठ करायचं. आणि तो-ती-ते काहीच नाही, सगळ्यांना एकच 'हान'. माझी शेजारीण इंग्रजी बोलताना तिच्या नवऱ्याला सर्रास 'शी' करून टाकते.

फिरण्याचं थोडक्यात. हेलसिंकीत बंदरावरच्या बाजारातून सुओमेनलिन्नाची बोट घ्या, पाव तासात बेटांवरच्या किल्ल्यात. शहरातल्या ट्रामचंच तिकीट चालतं. किल्ला स्वीडिश लोकांनी १७४८ साली बांधायला घेतलेला. डोंगरी किल्ले चढलेल्या माणसाला तो किल्ला वाटणार नाही, सपाटच आहे, पण तटावर बसून समुद्र बघण्यात दुपार जाते. सीनेट चौकात पांढऱ्या चर्चसमोर रशियाच्या झारचा पुतळा आहे, दुसऱ्या अलेक्झांडरचा. १८०९ पर्यंत हा मुलूख स्वीडनकडे, मग रशियाकडे, ६ डिसेंबर १९१७ ला स्वतंत्र. मग झार अजून उभा कसा? सरकारी कामात फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने आणायचा हुकूम त्याने १८६३ मध्ये काढला, हे त्याचं एक कारण. तुम्ही त्याच्यासमोर दोन मिनिटं जास्त थांबाल असं वाटतं.

काकूंच्या खाण्याचं नीट ऐका. गुरुवारी जेवणात वाटाण्याचं घट्ट सूप असतं, दिसायला आपल्या उसळीचं भावंड. विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. 'कास्विस', म्हणजे शाकाहारी, लिहिलेलं शोधा. राय नावाच्या धान्याच्या पातळ पारीत दूधभात भरून भाजलेली कार्यालानपीराक्का मिळते. तिच्यावर अंडं कुस्करलेलं लोणी लावतात, ते नको म्हणून सांगा. नवे बटाटे लोणी-शेपूबरोबर खातात, शेपू आवडणाऱ्यांना तर माहेर! बाजारात बटाटे, स्ट्रॉबेरी लिटरच्या मापाने मिळतात, आपल्या शेर-पायलीसारखे. दालचिनीच्या बनला नाव काय, तर 'कोर्वापूस्ती', म्हणजे कानशिलात! 'दोन कानशिलात द्या आणि कॉफी.' काळी गोळी कुणी प्रेमाने दिली तर सावध. ती सालमियाक्की. त्यात चक्क नवसागर असतो, कल्हईवाल्याचा. नऊ वर्षं थुंकत होते, आता पर्समध्ये पाकीट असतं.

एस्पोचा_आयटीवाला

ताईंचं सगळं बरोबर, पण माझं मत वेगळं. जून पाहुण्यांसाठी सोपा असेल, पण हिरवा उजेड हवा असेल तर तारखा सप्टेंबरअखेर न्या. रात्रीच्या गाडीने लॅपलंडला, म्हणजे अगदी उत्तरेच्या भागात, साधारण बारा तास. झाडं लाल-पिवळी झालेली असतात आणि रात्रही असते. अंधारात कोटाला परावर्तक, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकणारा बिल्ला, लटकवा, इथे पायी चालणाऱ्यांना तसा नियमच आहे.

निवृत्त_मास्तर (सातारा)

ताई, विभक्तीचं वाचून काल रात्री दोन पानं लिहून काढली. सौ. म्हणतात सप्टेंबर. मी अजून तळ्यात-मळ्यात. एक विचारायचं राहिलं. मुलगा सौनाला, म्हणजे त्यांच्या वाफेच्या खोलीत, नेणार म्हणतोय. तिथे म्हणे कपडे...?

सांगलीची_तांपेरेत

हो काका, नसतात. बायका-पुरुष वेगळे असतात, त्यामुळे काकूंना काळजी नाही. टॉवेल खाली अंथरून बसायचं. माझ्या गावातला सार्वजनिक सौना १९०६ पासून चालू आहे, आज चालू असलेल्यांत देशातला सर्वांत जुना. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून परत फिरले, दुसऱ्यांदा चष्मा काढून गेले. कुणीच कुणाकडे बघत नाही. दगडांवर पाणी ओतलं की जी वाफ अंगावर येते तिला 'ल्योल्यु' म्हणतात. कान आधी भाजतात, म्हणून खालच्या पायरीवर बसा.

आणि साताऱ्याहून येताय म्हणून सांगते, कंदी पेढे आणू नका. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. गोडा मसाला आणा. मुलाला पुरेल एवढा, आणि जमलं तर एक पाकीट जास्त.