नाताळचा रेनडिअर: मागच्या पायांपाशी फुगा फुटतो, काय चुकतंय?

रानजाई:
नमस्कार मंडळी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाचनालयात लहान मुलांचा कार्यक्रम आहे. पस्तीसेक मुलं येतील आणि प्रत्येकाला फुग्याचा एक रेनडिअर द्यायचं मी कबूल करून बसले आहे. साधा कुत्रा मला जमतो, त्यालाच शिंगं लावायची असं ठरवलं. २६० नंबरचे तपकिरी फुगे आहेत, हातपंप आहे.

तोंड, कान, मान, पुढचे पाय, इथपर्यंत सगळं सुरळीत. मागच्या पायांना पीळ द्यायला घेतला की फट्ट! काल रात्री अकरा फुगे गेले. जे दोन वाचले त्यांची शिंगं सकाळपर्यंत कानांवर लोळत होती. माझा सहा वर्षांचा भाचा आधी कानांवर हात ठेवून बसला होता, सातवा फुगा फुटल्यावर उठून दुसऱ्या खोलीत गेला. कार्यक्रमात मुलांचं असं व्हायला नको, म्हणून विचारतेय. फुगे जुने असतील का? शेपटीकडे चार बोटं मोकळी सोडते मी.

पीळदार:
फुगे जुने असते तर बरेचसे पंपावरच गेले असते. गोम त्या चार बोटांत आहे ताई. चार बोटं म्हणजे जेमतेम तीन इंच.

२६० चा अर्थच मुळी पूर्ण फुगल्यावर दोन इंच जाड आणि साठ इंच लांब. तुम्ही पीळ देता तेव्हा त्या जागची हवा पुढे सरकते. तोंड, दोन कान, मान, दोन पाय, पोट, परत दोन पाय: तुमच्या प्राण्यात शेपटीआधी नऊ फुगवटे आहेत. प्रत्येक पिळाने थोडी थोडी हवा शेपटीकडे ढकलली जाते. पोट होईपर्यंत तुमचे तीन इंच भरून गेलेले असतात. मागच्या पायांच्या हवेला जायला जागाच उरत नाही, रबर ढोलकीसारखं ताणतं आणि फुटतं. वीतभर शेपूट सोडा. आपली पूर्ण वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सुरुवातीला ती फार लांब वाटेल, शेवटी मात्र पुरून जाईल.

दुसरं म्हणजे गाठ मारण्याआधी फुस्स करून थोडी हवा सोडा. फुगा बोटांनी दाबल्यावर आत गेला पाहिजे. मी चौदा वर्षं मुलांच्या कार्यक्रमांत फुगे वळतोय आणि अजूनही प्रत्येक फुग्याची हवा सोडतो, एकही चुकवत नाही.

पीळ देण्याआधी ती जागा चिमटीत दाबून हवा दोन्ही बाजूंना सारा, मग फिरवा. नुसतं फिरवलं तर रबर रबराला घासून कुरकुरतं, तो आवाज आला की हात थांबवायचा. तीन फेरे द्या आणि सगळे एकाच दिशेने. एक इकडे, एक तिकडे दिला की मागचा पीळ सुटतो. पहिला फुगवटा आणि शेवटचा फुगवटा, दोन्ही एकाच हातात धरून ठेवायचे, कानांची जोडी एकत्र पिळली जाईपर्यंत सोडायचे नाहीत. अंगठी काढून ठेवा, नखं कापा.

रानजाई:
वीतभर! मी तर उलट शेपूट जास्त राहिली की फुगा वाया गेला असं समजत होते. आणि शिंगांचं?

पीळदार:
शिंगांना १६० घ्या. ते एक इंच जाड असतात, वजन नाही, त्यामुळे मान टाकत नाहीत. फुगा अर्धाच फुगवा, हवा सोडा, गाठ मारा, मधोमध दुमडून तिथे पीळ द्या. मग दोन्ही बाजूंना मधल्या पिळापासून चार इंचांवर एक गोटीएवढा फुगवटा काढायचा, तो चिमटीत धरून बाहेर ओढायचा आणि त्याची दोन्ही टोकं एकत्र आणून पिळायची. या पिळाने फुगा तिथे कोन करून वळतो आणि तसाच राहतो. शिंगाला फाटा फुटल्यासारखा दिसतो. साधा पीळ नुसता लांबट नळा देतो, तो सकाळी लोळणारच, कारण रबरातून रात्रभरात थोडी हवा झिरपते. मधला पीळ दोन कानांच्या मध्ये घालून दोनदा फिरवा. आणि हे सगळं त्याच दिवशी दुपारी करा, आदल्या रात्री नाही.

नाकासाठी लाल फुग्याच्या टोकाला गोटीएवढी हवा भरून गाठ मारा, उरलेला भाग कापा आणि तोंडाच्या गाठीला बांधा.

कोनाडा:
फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलायला एका मोठ्या माणसाला नेमा. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात तुकडा अडकू शकतो, पाकिटावर तसा इशारा छापलेला असतो. आणि कुणाला रबराची ॲलर्जी आहे का हे पालकांना आधीच विचारून ठेवा, हे फुगे नैसर्गिक रबराचेच असतात. अशा मुलासाठी कागदाचा रेनडिअर तयार ठेवा. तेवढ्यासाठी ते रिकाम्या हाताने घरी जायला नको.

कुणी मूल विचारेलच, म्हणून सांगतो: रेनडिअरच्या माद्यांनाही शिंगं असतात. मोठ्या नरांची हिवाळ्याच्या सुरुवातीला गळून पडतात, माद्यांची हिवाळाभर टिकतात. तेव्हा नाताळातला शिंगवाला रेनडिअर मादी म्हटला तरी चालेल.

रानजाई:
आज सहा केले. एक फुटला, तोही पंपावरच, मुळात भोक असलेला. बाकी पाचांचे मागचे पाय झाले! पोटाचा पीळ देताना शेपूट हळूहळू भरत जाते ते पहिल्यांदाच नीट पाहिलं, शेवटी रिकामी शेपूट बोटाच्या पेराएवढी राहते. शिंगांचे फाटे जरा पुढे झुकतात, उद्या मधल्या पिळापासून तीन इंचांवर काढून पाहते.

भाचा आधी दारातून बघत होता. तिसऱ्या फुग्यानंतर जवळ आला आणि स्वतःची वीत लावून सांगायला लागला, "मावशी, हा माझ्या दोन वितींचा सोड." आता पंप त्याच्याकडेच आहे.