अनुभव धागा : धंद्यासाठी फ्रीलान्स मार्केटिंगवाला नेमका कोणता?

लाकडी_घाणा (पुणे)

"मार्केटिंगसाठी कुणी आहे का ओळखीत?" असं कुणी विचारलं की खाली नावं आणि नंबर धडाधड येतात. धंदा काय, गिऱ्हाईक अडतंय कुठे, हे कुणी विचारत नाही. रील करणारा वेगळा, जाहिराती चालवणारा वेगळा, एसईओवाला (गूगलच्या शोधात वेबसाइट वर आणणारा) वेगळा. पाकिटं-लेबलं करणारी वेगळी, मजकूर लिहिणारी वेगळी, आणि नुसता सल्ला देऊन उठून जाणारा तर अगदीच वेगळा. म्हणून हा धागा. कोणत्या प्रकारची मदत घेतली, धंदा तेव्हा कुठल्या टप्प्यावर होता आणि पुढे काय झालं, एवढं लिहा. माणसांची, कंपन्यांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात. आमच्या घाण्याच्या शेंगदाणा तेलाला लोक यायचे, बाटली हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. रिफाइंडपेक्षा इतकं महाग का? तळाशी गाळ का? वास का येतो? तीन-चार जणांनी जाहिराती सुरू करा म्हणून सांगितलं, पण माणसं दारात येतच होती, जाहिरात करून अजून चार आणली असती तरी तीही बाटली ठेवूनच गेली असती. मी लेखन करणाऱ्या एका बाईंना काम दिलं. त्या दोन शनिवार दुकानात स्टुलावर बसून लोकांचं बोलणं ऐकत होत्या. मग बाटलीच्या मागच्या लेबलावर लिहिलं: "तळाशी दिसतो तो शेंगदाण्याचाच गाळ आहे. तेल न हलवता वापरा, शेवटचा चमचाभर पोळीच्या कणकेत घाला." बाजूला एक किलो तेलाला दाणे किती लागतात याचा हिशोब. विचारणारे अजूनही विचारतात, पण आता काउंटरवरचा मुलगा बाटली उलटी करून दाखवतो. विक्री वाढली.

बाग_आणि_पेटी (देवगड)

आमचा धंदा मार्चअखेर ते मे. पावसाचे ढग दिसले की संपला. एका एसईओवाल्याने प्रस्ताव दिला होता. माणूस सरळ होता. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागेल, हे त्याने आधीच सांगितलं (गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही साधारण हाच काळ दिलाय). म्हणजे एप्रिलमध्ये पैसे ओतायचे आणि बाग रिकामी झाल्यावर वेबसाइट वर यायची. नमस्कार केला.

आम्ही मुंबईची एक मुलगी फेब्रुवारी ते मे एवढ्यापुरती घेतली, फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या कामासाठी. जुनी गिऱ्हाइकं वहीत होती, नावाच्या क्रमाने. तिने ती टेम्पोच्या वाटेप्रमाणे लावली: पनवेल, डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवली. मेसेजही टेम्पोप्रमाणेच. नमुना देतो:

"आज उतरवलेला माल. फळ २५० ग्रॅमच्या आसपास, ५ डझनांची पेटी. अजून कडक आहे, गवतातच ठेवा, चार-पाच दिवसांत रंग धरेल. शुक्रवारी डोंबिवली."

फोटोत पेटी, गवत आणि वजनकाट्यावर एक फळ. 'कोकणचा राजा' वगैरे काही नाही. हापूसला २०१८ साली जीआय (ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण) मिळालं, त्यात आमच्या सिंधुदुर्गासह कोकणातले पाच जिल्हे येतात. पण परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो हे मुंबईकराला पक्कं ठाऊक असतं. नुसतं 'अस्सल' लिहून तो भुलत नाही. वजनकाटा बघून भुलतो.

शेजारच्या बागेने मात्र 'दहा हजार नंबरांवर मेसेज टाकून देतो' म्हणणारा गाठला. ऐन हंगामात त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद पडला. ज्या नंबरावर जुनी गिऱ्हाइकं फोन करायची तोच.

जॉबवर्क_भोसरी

आमच्याकडे रील बघून कुणी ऑर्डर देत नाही. आमचं धातूचे सुटे भाग करून देणारं वर्कशॉप: दोन व्हीएमसी आणि एक वायरकट मशीन, ग्राइंडिंग आणि थोडं फिक्स्चरचं काम. तरी भेटेल तो 'इन्स्टावर या' म्हणतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे चाकण-रांजणगावच्या कंपन्यांतला परचेसवाला, आणि त्याला आमचा हसरा चेहरा बघायचा नसतो.

आम्ही तांत्रिक लेखन करणारा फ्रीलान्सर घेतला. हा आधी स्वतः क्वालिटीत नोकरीला होता. त्याने वर्कशॉपमध्ये फिरून यादी केली: टेबलाचा साइज किती, कुठल्या मटेरिअलचं काम जास्त झालंय, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) किती मायक्रॉनपर्यंत नक्की धरता, मोजता कशावर, उपकरणांचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं. यातलं बरंचसं आमच्या सुपरवायझरच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. सगळं एका पानात बसवलं, मागच्या पानावर सहा जॉबचे फोटो, प्रत्येकाशेजारी मटेरिअल आणि माप. पीडीएफ इतकी हलकी की मेलमध्ये सहज जाते.

त्याची एक गोष्ट मला फार आवडली. "आम्ही सर्व प्रकारची कामं करतो" हे वाक्य त्याने खोडलं आणि खाली लिहिलं, "६०० मिमीपेक्षा लांब जॉब आम्ही घेत नाही." भावाला धसका बसला, गिऱ्हाईक जाईल म्हणून. झालं असं की चुकीच्या एन्क्वायऱ्या थांबल्या आणि कोटेशन बनवण्यात जाणाऱ्या संध्याकाळी वाचल्या.

फी एकरकमी घेतली. दरमहा काही नाही. आमच्यासारख्यांना दरमहाचा माणूस लागतच नाही, हे माझं ठाम मत.

काका_सातारकर

एवढे पैसे कशाला घालवता? माझा भाचा सगळं फुकट करतो.

मसाल्याचा_डबा (सांगली)

काका, भाचा उद्या नोकरीला बंगळूरला गेला तर पासवर्ड कुणाकडे?

काका_सातारकर

त्याच्या आईकडे. बहीण माझी आहे.

पायताण (कोल्हापूर)

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल झळकली, तिच्यावर रान उठलं, आणि इकडं जो तो मोबाइल घेऊन दुकानात. चपलेला २०१९ पासून जीआय आहे, चार जिल्हे आपले आणि चार कर्नाटकातले. पण गिऱ्हाइकाला त्या पावसाळ्यात कळलं म्हणा ना. आमच्या रीलला व्ह्यू लई आले. मी म्हटलं, हीच वेळ, जाहिराती लावू. एक पोरगा मिळाला, फक्त मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाच्या) जाहिराती करणारा.

त्याने जाहिरात लावायच्या आधी परत आलेल्या मालाची यादी मागितली. जवळजवळ सगळा माल एकाच कारणाने परत: साइज. बुटाचा ८ नंबर घालणारा चपलेचाही ८ मागवतो, कोल्हापुरी नवी असताना घट्ट बसते, चार दिवस घातल्यावर सैलावते, हे पुण्या-मुंबईच्या पोरांना कोण सांगणार? पोरगा म्हणाला, "दादा, मी आता जाहिरात लावली तर तुमचा कुरिअरचा खर्च वाढेल आणि शिव्या मला बसतील. आधी हे मिटवा." आणि दुसऱ्याचं नाव दिलं, वेबसाइटवरचा मजकूर आणि फोटो करणारीचं. तिने कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखायचं, टाच ते अंगठा मोजायचं, असा छोटा व्हिडिओ आमच्याच कारागिराला बसवून केला. ऑर्डरच्या आधी सेंटिमीटर भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, असं करून घेतलं.

जाहिराती नंतर त्याच पोराने लावल्या. हातचं काम सोडून देणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

स्टेथो_नागपूर

आम्हा डॉक्टरांचं प्रकरण वेगळं आहे. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत मनाई आहे. नवा दवाखाना, बदललेला पत्ता, बदललेल्या वेळा, अशा मोजक्या सूचना देता येतात. मला भेटलेले पहिले दोघे मार्केटिंगवाले थेट 'विदर्भातले नंबर एक' आणि 'आधी-नंतरचे फोटो' घेऊनच बसले होते. नियम सांगितला तर एक म्हणतो, "सगळेच करून राहिले ना, सर."

शेवटी काम दिलं ते दोघांना, थोडं थोडं. एकाने गूगलवरची नोंद नीट केली: वेळा, पार्किंग, लिफ्ट आहे की नाही. दुसरी आरोग्यविषयक मराठी लिहिणारी. 'उन्हाळ्यात बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका' असे साधे लेख मी सांगतो, ती लिहिते, मी तपासतो. त्यात माझी स्तुती कुठेही नाही. वकील, सीए मंडळींनाही आपापल्या संस्थांचे निर्बंध आहेत. तेव्हा माणूस निवडताना पहिला प्रश्न: तुमच्या पेशाचे नियम त्याला माहीत आहेत का, निदान ऐकून घ्यायची तयारी आहे का?

घर_दाखवतो (नाशिक)

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. आम्ही रेराचे (घरांच्या प्रकल्पांसाठीचा कायदा) नोंदणीकृत एजंट. परराज्यातल्या एका डिझायनरने जाहिरात सुंदर केली, पण त्यात महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी नंबरही नाही आणि क्यूआर कोडही नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड लागतो. नसला तर दंड, आणि तो डिझायनर भरणार नसतो. छापायच्या आधी नजरेस पडलं म्हणून बरं.

अ‍ॅडवाला_ठाणे

मी पलीकडच्या बाजूचा. जाहिराती चालवणं हाच माझा धंदा, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

लोक विचारतात, "महिन्याला दहा हजार आहेत, ऑर्डरी आणून द्या." माझी फी वेगळी, मेटा-गूगलला जाणारे पैसे वेगळे, आणि त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. मेटाची यंत्रणा स्थिरावायला एका अ‍ॅड सेटमागे (एकाच बजेटच्या जाहिरातींच्या गटामागे) आठवड्याला साधारण ५० रिझल्ट लागतात, असं मेटाच सांगत आली आहे. तुमची एक ऑर्डर जाहिरातीतून ३०० रुपयांना पडत असेल, तर ते झाले आठवड्याचे १५,०००. एवढं बजेट नसेल तर ऑर्डरीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी येईल अशी जाहिरात लावायची, कारण चौकशी स्वस्त पडते. पण मग समोर उत्तर द्यायला माणूस हवा. रात्री साडेनऊला आलेल्या 'किंमत?'ला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं तर त्याचं खापर माझ्यावर फोडू नका.

नफ्याचा आकडा सांगायला लोक लाजतात. ४५० ची वस्तू, त्यात तुमचे सुटतात ९० रुपये, आणि जाहिरातीतून गिऱ्हाईक पडतं १५० ला. तो एकदाच घेणार असेल तर मी तुमच्या उपयोगाचा नाही. पुन्हा पुन्हा घेणार असेल तर बोलू.

आणि हो, पैसे वेळेवर द्या. माझी उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ते चुकलं तर आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. तुमच्या सीएंना विचारा, ते माझ्यापेक्षा जोरात सांगतील.

मसाल्याचा_डबा (सांगली)

माझा प्रश्न लोगोचा. ज्या मुलीने लोगो करून दिला तिनेच तो थोडा फिरवून दुसऱ्या चटणीवालीला दिला. बिल भरलंय, मग लोगो माझाच ना?

काळा_कोट (औरंगाबाद खंडपीठ)

ताई, पैसे दिले म्हणजे आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा पहिला मालक सहसा तो करणाराच. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं उलट आहे, वेगळं ठरलं नसेल तर ते काम देणाऱ्याचे. लोगोचे हक्क लेखी, सहीनिशी लिहून घ्यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' हे शब्द कागदावर हवेत. ट्रेडमार्कचा अर्जही करून टाका, व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. त्या मुलीशी आधी शांतपणे बोला. निम्मी प्रकरणं फोनवर मिटतात.

माडाखाली (काणकोण)

आमचा होमस्टे. गूगलची नोंद एका पोराने स्वतःच्या मेलवरून केली होती. पैशांवरून बिनसल्यावर तो फोन उचलेना. सगळे रिव्ह्यू त्या नोंदीवर. मालकीची विनंती पाठवून ती परत मिळाली, पण डिसेंबरची गर्दी सुरू होईपर्यंत जीव टांगणीला होता. आता जो येतो त्याला 'मॅनेजर' करतो, मालकी आमच्या मेलवर. पासवर्ड द्यावाच लागत नाही. डोमेनही आमच्याच नावावर.

इस्त्रीवाला_इचलकरंजी

सगळं वाचलं. माझी लाँड्री आहे. एकाने कोटेशन दिलंय: महिन्याला १२ पोस्ट, ४ रील, १५,००० रुपये. घेऊ का?

अ‍ॅडवाला_ठाणे

आत्ता नवीन गिऱ्हाईक येतं कुठून?

इस्त्रीवाला_इचलकरंजी

बरंचसं शेजारच्या बिल्डिंगांतून, एकमेकांचं ऐकून. आणि हल्ली काही हॉस्टेलची पोरं गूगलवर बघून येतात, पण नकाशावरचा फोन नंबर जुना आहे.

अ‍ॅडवाला_ठाणे

मग आज नंबर बदला, ते फुकट आहे. १२ पोस्टवाल्याला सांगा, महिनाभर थांब. त्याच्याऐवजी हॉस्टेलच्या पोरांसाठी दरपत्रक करून घ्या: किलोवर किती, कधी न्यायचं, कधी परत. डिझायनर एकदाच लागेल. त्याला फाइल पीडीएफबरोबर मूळ स्वरूपातही मागा, दर बदलले की परत त्याच्याकडे जायला नको.

इस्त्रीवाला_इचलकरंजी

नंबर बदलला. दरपत्रकाला किती घेतात साधारण? आणि किलोवर लावलं तर जीन्सवाल्यांचं काय करू, ती लई जड असते.