'ड्रॅकोनियन'ला मराठीत काय म्हणाल?

दादरकर : आमच्या सोसायटीने फर्मान काढलंय, गॅलरीच्या ग्रिलवर कपडा दिसला की पाचशे रुपये दंड. भर पावसाळ्यात! भाच्याने इंग्रजी तक्रारअर्जात झोकात 'ड्रॅकोनियन' लिहिलं. मराठी प्रत माझ्या गळ्यात. 'जुलमी' म्हटलं तर बायको हसते, म्हणते इंग्रज १९४७लाच गेले.

शीव स्टेशन : जाचक. विषय संपला.

तर्जनी : संपला कसा? जाच काय, शेजाऱ्याचाही असतो. इथे गुन्हा तिळाएवढा, शिक्षा डोंगराएवढी, हे यायला हवं. ड्रॅको अथेन्सचा. इ.स.पू. ६२१च्या सुमारास त्याने तिथले कायदे लेखी केले. म्हणतात, फळं-भाजी चोरली तरी देहान्त. हे कायदे शाईने नव्हे, रक्ताने लिहिलेत, असं पुढे अथेन्सचाच वक्ता डेमाडीस म्हणाला. ड्रॅकोनंतर आलेल्या सोलोन या कायदेकर्त्याने खुनाचा कायदा तेवढा ठेवून बाकीचे रद्द केले.

बोरिवली स्लो : मी आजवर 'ड्रॅगनसारखा' असाच अर्थ लावत होतो!

तर्जनी : अगदीच वावगं नाही. ग्रीकमध्ये 'ड्राकोन' म्हणजे सापच. पण विशेषण माणसावरून आलं.

शीव स्टेशन : मग 'मोगलाई'? आमचे आजोबा उठता-बसता म्हणायचे.

तर्जनी : मोगलाईत कायदाच नसतो हो, ज्याच्या हाती ससा तो पारधी. नादिरशाही म्हणजे एकाची लहर. ड्रॅकोचं सगळं लेखी.

दादरकर : आमचंही लेखी. लॅमिनेट करून लिफ्टमध्ये लावलंय.

बोरिवली स्लो : 'जालीम नियम' लिहा की.

गिरगावची आत्या : अरे, कमिटी पेढे वाटेल! जालीम उपाय, जालीम औषध, मराठीत ही शाबासकी आहे. मूळ अरबीत जालीम म्हणजे जुलूम करणारा. दोन्ही शब्द एकाच धातूचे.

स्वभाषा : जुलूम अरबी, जालीम अरबी. आपल्या भाषेत काही आहे की नाही? 'अतिकठोर निर्बंध' लिहा.

गिरगावची आत्या : आणि तो 'अर्ज' कुठला, कोकणातला का? तोही अरबीच. 'कायदा'सुद्धा.

स्वभाषा : म्हणूनच मी 'विनंतीपत्र' म्हणतो.

शीव स्टेशन : तक्रार आहे हो, विनंती कसली! आणि सोसायटीचे 'नियम' नसतात, 'उपविधि' असतात.

स्वभाषा : उपविधी. धी दीर्घ.

शीव स्टेशन : संस्कृतात ऱ्हस्व आहे.

स्वभाषा : आपण मराठीत लिहितोय. 'विधिमंडळ'मध्ये ऱ्हस्व, कारण समासातलं पहिलं पद. शेवटी आलं की दीर्घ, 'कवी'सारखं.

दादरकर : मंडळी, दंड सोमवारपासून आहे.

शीव स्टेशन : मग 'नीति आयोग' कसं लिहाल?