गाडी फेरीबोटीत चढवायचीय, पोटात गोळा आलाय

चार दिवस एका छोट्या बेटावर जातोय. आईचे गुडघे दुखतात, म्हणून गाडीच न्यावी म्हणतोय. बोटीत रिव्हर्स घ्यावी लागते का हो?

— बोटीला दोन्हीकडे रॅम्प असेल तर सरळ आत, सरळ बाहेर. एकीकडेच असेल तर रिव्हर्स आलाच. आत गाड्या अगदी चिकटून लावतात. पहिल्या खेपेला मी दाराच्या फटीतून पोट आत ओढून कशीबशी बाहेर पडले. त्यामुळे आईंना गाडी आत न्यायच्या आधीच उतरवा. आरसे मिटा, हँडब्रेक ओढा, गिअर टाकून ठेवा. शक्यतो भरतीची फेरी धरा. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो. माझा पुढचा बंपर खर्रकन घासला, तो आवाज अजून कानात आहे.

— अलार्मचा टिल्ट सेन्सर बंद करा! लाटांनी गाडी हलली की त्याला वाटतं, कुणी उचलून नेतंय. माझी पूर्ण वेळ बोंबलत होती आणि बोट सुटल्यावर खाली जायला बंदी. वर सगळे विचारत होते, कुणाची गाडी? मीही विचारत होतो.

धन्यवाद! सेन्सरचं बटण शोधतो. परतीचं बुकिंग तिथे गेल्यावर केलं तर?

— नको, दोन्हीकडचं आत्ताच करा. त्याआधी बेटावर गाड्या चालतात का बघा. इंग्लिश खाडीतलं सार्क, ग्रीसमधलं हायड्रा अशा बेटांवर खाजगी मोटारींना बंदीच आहे. आणि परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, खारं पाणी पत्रा खातं.