शिव्यांचे मेल: नावासकट चव्हाट्यावर टाकावेत का?

रापणकर

मी मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातला. घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, आता माझी नोकरी आहे आणि उरल्या वेळात समुद्रावर ब्लॉग लिहितो. लेखाखाली मुद्दाम ईमेल पत्ता देतो, कारण जेटीवरची माणसं जे खासगीत सांगतात ते चारचौघांत लिहीत नाहीत. त्याच पत्त्यावर शिव्याही येतात.

एलईडी मासेमारीवर लिहिलं की हमखास. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बोटीवर जनरेटर लावून पाण्यावर प्रखर दिवे सोडतात, उजेडाला मासळी गोळा होते, मग पर्ससीनचं जाळं भोवती फिरवून खालची दोरी आवळली की लहानमोठं सगळं वर. राज्याने पर्ससीनवर फेब्रुवारी २०१६ मध्ये बंधनं घातली, दिव्यांवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली, २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला. तरी रात्री वाळूत उभं राहून बघा, दर्यात दिवाळी चालू असते.

गेल्या महिन्यातला मेल, शिव्या गाळून: "तुला लाझ नाय. तुझी पोरगी कुठल्या गाडीने कॉलेजला जाते म्हायत आहे." वेळ रात्री १:४०. तीन वर्षं असले मेल मी वाचून पुसत आलो. हा पुसला नाही. पाठवणाऱ्याच्या नावा-गावासकट ब्लॉगवर लावला. नाव ओळखीचं होतं, शेजारच्या वाडीतला खलाशी पोरगा. दोन दिवसांत मेल अख्ख्या किनाऱ्यावर फिरला.

अंधारातून दगड मारणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारायची, एवढंच केलं. घरात मात्र बायको बोलत नाही. चुकलो का?

देवगडचो

काय्येक चुकलं नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे आहेतच. मी त्यावर लिहिलं तर दहा दिवस रोज एक मेल, आईबहिणीवरून. अकराव्या दिवशी चार मेल नावासकट लावले. बाराव्या दिवशी सगळं थंड. एकाचा तर फोन आला, "दादा, तेवढा काढा, सासुरवाडीचे वाचतत." शिवी घालताना सासुरवाडी आठवली नव्हती काय?

बंदरावरचा वकील

रापणकर, तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केलीत. "लाझ नाय" ही शिवी. पोरगी कुठल्या गाडीने जाते हे सांगणं ही धमकी. शिवी गिळायची की थुंकायची हा तुमचा प्रश्न. धमकी घेऊन ब्लॉगवर नाही, पोलीस ठाण्यात जायचं.

बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ आहे, आक्षेपार्ह मेल-मेसेजला शिक्षा देणारं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, त्यामुळे "मला घाण मेल आला" एवढ्यावर ते लागत नाही. धाकदपटशाचं कलम मात्र जिवंत आहे: भारतीय न्याय संहितेचं ३५१. त्यातच पोटकलम ४ आहे, नाव लपवून धमकी दिली तर दोन वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा.

आणि कृपा करून मेल पुसू नका. स्क्रीनशॉट काढून मूळ मेल उडवणारे अशील बघितले की मला रडू येतं. मूळ मेल ठेवा. पुढे न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते कशाच्या जिवावर जोडणार?

गजालीकर

कायदा, कलम, बॅटरी... अरे कशाला? शेणात दगड मारला तर शिंतोडे कोणाच्या अंगावर येतात? मी वीस वर्षं लिहितोय. शिवी आली की चहा ठेवतो. चहा उकळेपर्यंत मेल जुना झालेला असतो. ज्याला उत्तर मिळत नाही तो दमतो. ज्याला मिळतं त्याला ती हापिसातली बढती वाटते.

तिरफळ

गजालीकर, तुमच्या चहाला नमस्कार. तुम्हाला येणारे मेल तुमच्या मतावर येतात म्हणून तुमचा चहा वेळेत उकळतो.

मी लिहिते जेवणावर. हो, जेवणावर. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ वाटून घालायची नाहीत, नुसती चेचून अख्खी टाकायची, नाहीतर कडू होतं, हे लिहिलं. त्यावर एकाने मेलमध्ये लिहिलं की नवऱ्याने सोडलेली बाईच एवढा वेळ स्वयंपाकावर लिहिते. नवरा तेव्हा शेजारी बसून त्याच तिखल्यात भाकरी बुडवत होता. हा पहिला, म्हणून हसले. चाळिसावा मेल आला तेव्हा हसले नाही. त्यात माझ्या घराच्या गडग्याचा, दगडी कुंपणाचा, फोटो होता.

तो फोटो घेऊन ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही लिहिता कशाला?" न्याय संहितेच्या कलम ७९ चं (बाईच्या शीलाचा अपमान) नाव मीच घेतलं तेव्हा खुर्ची मिळाली. तेव्हा वकीलसाहेब, ठाण्यात जायचं हे बरोबर, पण जाताना मधला रस्ताही सांगत जा.

सध्याचा माझा उपाय: ठरावीक शब्द असलेला मेल आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडतो. तो फोल्डर मी उघडत नाही, मामेभाऊ उघडतो, आठवड्यातून एकदा. धमकी असली तर सांगतो, नुसती घाण असली तर तशीच ठेवतो. एकच भानगड आहे. मालवणी शिवी लोक इंग्रजी अक्षरांत पाच तऱ्हेने लिहितात, त्यामुळे दर महिन्याला यादीत नवी स्पेलिंगं भरावी लागतात. मामेभाऊ म्हणतो, एवढा शिव्यांचा कोश विद्यापीठाकडेही नसेल.

मुरुडचा शेजारी

दापोलीकडचं मुरुड. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या मुलाचं, रघुनाथरावांचं उदाहरण मला इथे जास्त जवळचं वाटतं. 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक त्यांनी १९२७ ते १९५३, म्हणजे मरेपर्यंत चालवलं, आणि वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं दिली. १९३४ चा खटला त्या उत्तरांवरूनच झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले. मासिक बंद केलं नाही. त्यांनी गप्प बसून चहा ठेवला असता तर?

गजालीकर

ते प्रश्नांना उत्तरं देत होते, शेजारी. शिव्यांना नाही. प्रश्न आला तर मीही रात्र जागून उत्तर देतो.

आणि हे काही मेलने आणलेलं नाही. निनावी पत्र ही आपल्याकडची जुनी कला. मुलीचं लग्न ठरलं की मुंबईला वरपक्षाकडे पोस्टकार्ड: "मुलीस फेफरे येते. एक हितचिंतक." फरक एवढाच की पोस्टकार्ड वाटेत पोस्टमन वाचायचा, त्याच्यावर गावचा शिक्का असायचा आणि अक्षर कोणाचं ते शाळामास्तर ओळखायचा. संध्याकाळपर्यंत हितचिंतकाचं नाव साऱ्या वाडीला ठाऊक व्हायचं.

कुळकायदा

गजालीकरांनी नकळत कळीचा मुद्दा सांगितला. मेलला अक्षर नाही. रापणकर, त्या नावाचं खातं त्या पोरानेच उघडलंय हे तुम्हाला कसं कळलं?

माझा अनुभव सांगतो. आमच्या सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यावरून वाद चालू होता. एका दिवशी सगळ्या नातेवाइकांना माझ्या नावाने मेल गेला, काकीवर इतकी घाण की वाचवेना. खात्यावर माझं नाव, माझा लग्नातला फोटो. मी केलं नव्हतं. कोणी केलं ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही, अंदाज आहे. काकी वारल्या. शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

भाऊबंदकी जिथे आंब्यापेक्षा चांगली पिकते तिथे मेलवरचं नाव पुरावा धरणं म्हणजे कमालच झाली.

देवगडचो

म्हणजे आता जो तो म्हणणार, "मी नव्हे, भावकीने केलं." शिवी घालणाऱ्याला कुलूपकिल्लीसकट पळवाट काढून दिलीत की!

बंदरावरचा वकील

पळवाट नाही, साधी गोष्ट आहे. जीमेल उघडून पाठवलेल्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलमागच्या तांत्रिक नोंदीत, पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (कुठल्या इंटरनेट जोडणीवरून पाठवलं त्याचा क्रमांक) दिसत नाही. तो गुगलकडे असतो, आणि तुम्ही-आम्ही मागून मिळत नाही, तपास अधिकाऱ्याने मागावा लागतो. म्हणजे रापणकरांनी जे नाव लावलं ते निव्वळ खात्यावर कोणीतरी टाइप केलेलं नाव आहे. उद्या त्या पोराने बदनामीची नोटीस पाठवली तर मी त्याचं वकीलपत्र घेईन, सांगून ठेवतो.

शिमग्याचा सोंगाड्या

जरा वेगळं बोलतो. शिव्यांचं वावडं कोकणी माणसाला कधीपासून झालं? शिमग्यात फाका घालताना ज्याचं नाव येतं तो दारात उभा राहून हसतो, नाही आलं तर रुसतो. शिवी देणारा समोर असतो, ढोल असतो, पालखी असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात तो नारळ घेऊन येतो. मेलमधल्या शिवीला पालखीच नाही. माझं मत, त्या पोराला घरी बोलवा, समोर बसवा, जेवायला घाला. समोर बसून शिवी घालता येत नाही.

तिरफळ

ज्याच्या मुलीची गाडी त्याने मोजली, त्याच मुलीने त्याला वाढायचं का? सोंगाड्या, सोंग छान आहे, पण स्वयंपाकघर दुसऱ्याचं आहे.

शिमग्याचा सोंगाड्या

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

रापणकर

चार दिवस लिहिलं नाही, कारण घडत होतं.

परवा तो पोरगा बापाला घेऊन आला. पडवीत बसले नाहीत, खळ्यातच उभे. बाप म्हणाला, "ह्याचो मेल असा काय नाय ता माका म्हायत नाय. पण ह्याका मराठीत धड लिवक येणा नाय. तुमी शिकलेले, तुमीच सांगा." पोरगा काही बोलला नाही, खाली बघत राहिला. त्याच्या हातावर दोरीने कापलेली जखम होती, ताजी. मी विचारलं, "तू केलंस?" त्याने मान हलवली, पण नाही म्हणून की जाऊ दे म्हणून ते मला कळलं नाही.

ते गेल्यावर मी नाव काढलं, मजकूर ठेवला. मुलीला घेऊन ठाण्यात तक्रारही दिली, मूळ मेलसकट. (वकीलसाहेब, तो पुसला नव्हता, आधीचे सगळे पुसले होते.) देवगडचो, तुझं पटत होतं, अजूनही अर्धं पटतं. पण नाव काढून काय, ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं. तालुक्याच्या बाजारात कोणीतरी त्याला "काय रे, लाझ नाय?" म्हणून हाक मारली म्हणे.

आज सकाळी नवा मेल आला. वेगळं खातं, वेगळं नाव. पुन्हा "लाझ", तसंच, झ घालून. वेळ रात्री १:५०. मी जेटीवर जाऊन विचारून आलो. त्या पोराची बोट काल पहाटे बाहेर पडलीय, लांब पाण्यात आहे, तिथे रेंज लागत नाही. शनिवारी येतील म्हणाले.