मुलीचा वाटा निम्मा: आयतीचा अर्थ आणि प्रत्यक्षातली वाटणी

रानजाई
कुराणातल्या सुरा अन-निसा या अध्यायाच्या ११व्या आयतीत (वचनात) मुलाला दोन मुलींइतका वाटा सांगितला आहे. समानतेच्या बाजूने ही आयत कशी वाचतात? आणि आईवडिलांना सगळ्या मुलांना सारखंच द्यायचं असेल तर? सुन्नी हनफी (सुन्नींच्या कायदेपरंपरांपैकी एक) घर धरा: बायको, एक मुलगा, दोन मुली, एक फ्लॅट, थोडी शेतजमीन.

फराइज
आधी हिशेब. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (बायकोचा न दिलेला मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम, हेही कर्जच, आणि तेच हमखास विसरलं जातं), मग वसियत (मृत्युपत्र), उरेल त्याची वाटणी. मालमत्तेचे ३२ भाग केले तर बायकोला ४, मुलाला १४, मुलींना ७-७.

पण ‘बाईला नेहमी निम्मं’ हे चूक. त्याच आयतीत, मृताला मुलगा असेल तर त्याच्या आईला आणि वडिलांना सारखाच, १/६ वाटा आहे. १२व्या आयतीत एका आईची पण वेगळ्या वडिलांची भावंडं सारखी वाटेकरी. दोनास-एकचं कारण जुने मुफस्सिरही (कुराणाचे भाष्यकार) खर्चाच्या जबाबदारीत शोधतात. ३४वी आयत तेच म्हणते, पुरुष आपली संपत्ती खर्च करतात म्हणून.

मग मुलगीच घर चालवत असेल तर? मतभेद इथे आहे. पारंपरिक उलेमा (धर्मपंडित) १३व्या आयतीवर बोट ठेवतात: या अल्लाहच्या हद्दी आहेत, परिस्थिती बदलली म्हणून वाटे बदलत नाहीत. विसाव्या शतकातले सुधारणावादी अभ्यासक फजलुर रहमान यांच्या वळणाने वाचणारे विचारतात, ज्या समाजात मुलींना सहसा काहीच मिळत नव्हतं तिथे या आयतीने कोणती दिशा दाखवली? मला दुसरं वाचन पटतं. भारतातली कोर्टं मात्र पहिल्यावर चालतात. ट्युनिशियात समान वारशाचं विधेयक २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, ते संसदेत अडलं.

दस्तनोंद
वसियतीने काम होत नाही. मर्यादा १/३ ची, आणि वारसाला केलेली वसियत इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच टिकते. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करा. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं, कब्जा द्यायचा. तोंडी हिबाही वैध आहे, तरी लेखी करून नोंदवा.

हिबा बहुधा कब्ज्यावर अडकतो. कागद मुलीच्या नावाचा, पण भाडं वडीलच घेत राहतात, सोसायटीच्या दप्तरातही त्यांचंच नाव. भाडेकरूला पत्र द्या, भाडं मुलीच्या खात्यात वळवा. आणि हे धडधाकट असताना करा. शेवटच्या आजारात (मर्ज-उल-मौत) केलेला हिबा वसियतीच्याच नियमांत सापडतो.

धर्माचा आधारही भक्कम आहे. नुमान इब्न बशीर यांनी सांगितलेल्या हदिसीत (पैगंबरांच्या आठवणीत) एकाच मुलाला देणगी देणाऱ्या बापाला पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? हयातीतल्या देणगीत मुलगा-मुलगी सारखे, असं हनफींमधले इमाम अबू युसूफ मानतात.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आपल्या लग्नाची नोंद करण्याचा. मग १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: बायकोला १/३, उरलेलं मुलांत सारखं. उलेमांना हे मान्य नाही, तेव्हा घरात बोलून ठरवा. शेतजमीन मात्र मुस्लिमांच्या वारशाला शरियत लावणाऱ्या १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून वगळलेली आहे. वकिलाला तो मुद्दा आधी विचारा.

रानजाई
बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात, त्याला धर्माचा आधार आहे का?

फराइज
दबावाने घेतलेल्याला अजिबात नाही. ७वी आयत सांगते, मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, स्त्रियांचा वाटा ठरलेला. ‘लग्नात खर्च केला’ म्हणून तो कमी होत नाही. मनापासून सोडायचा असेल तर आधी तिला आकडा कळू द्या, सही नंतर.

वडील जिवंत असताना लिहून दिलेलं हक्कसोडपत्र कायद्यात टिकत नाही, कारण तेव्हा हक्कच नसतो. मात्र बदल्यात पैसे घेतले असतील तर पुढे वाटा मागताना ते आड येऊ शकतं. १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तसा आहे. वडिलांनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, त्यात सगळ्या मुलींची नावं घाला. एखादीचं नाव गाळलं गेलं असेल तर फेरफाराच्या नोटिशीवर लगेच लेखी हरकत घ्या आणि पोच जपून ठेवा. मुदत हुकली तरी वाटा बुडत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं.