आधी क्राउटनोटन करा

मुलांसोबत डच खाऊ करायचाय, तर ओलीबोलेनपासून (तळलेल्या गोड गोळ्यांपासून) सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. पाच-सहा वर्षांची मुलं कढत तेलापाशी नकोतच! ते 31 डिसेंबरला मोठ्यांनी तळावेत. माझा नवरा डच आहे, त्यामुळे 5 डिसेंबरच्या सिंटरक्लास या डच सणाआधी आमच्याकडे क्राउटनोटनचा, म्हणजे छोट्या मसालेदार बिस्किटांचा, बेत ठरलेलाच.

250 ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर घातलेला) मैदा, 125 ग्रॅम ब्राउन शुगर, 100 ग्रॅम बटर, मोठा चमचाभर स्पेकुलास मसाला (खाली दिलाय), चिमूटभर मीठ, लागेल तसं दूध. सगळं मळून गोळा अर्धा तास झाकून ठेवा, मग मुलांना गोट्यांएवढ्या गोळ्या वळू द्या. ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर साधारण 20 मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, पण गार झाल्या की कुरकुरीत होतात.

मसाला मात्र घरीच कुटा: दालचिनी भरपूर, मग लवंग, जायफळ, सुंठ, वेलची, पांढरी मिरी. मागच्या वर्षी लेकीने खलबत्त्यात नाक खुपसलं आणि म्हणाली, "आई, हा तर आजीच्या श्रीखंडाचा वास!" तिची ओमा (डच आजी) शेजारीच बटर मळत होती, तिलाही वास घ्यायला लावला. हे जायफळ मुळात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. 1621 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथल्या लोकांची कत्तल केली, हेही लेक मोठी झाली की तिला सांगणार आहे.